द्विदल राज्यपद्धती म्हणजे नक्की काय, आणि हा शब्द आला कुठून?

द्विदल म्हटलं की आधी डाळच डोळ्यासमोर येते, आणि खरंतर तेच चित्र बरोबर आहे, एकाच दाण्याच्या दोन फाका. इंग्रजांच्या राज्यात १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड कायद्याने भारतातल्या प्रांतांचा कारभार असाच चिरला (मुंबई इलाखापण त्यात आला). शिक्षण, आरोग्य, शेती ही 'सोपीव खाती' निवडून आलेल्या आपल्या मंत्र्यांकडे, आणि पोलीस, महसूल, तिजोरी ही 'राखीव खाती' गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलकडे (म्हणजे कार्यकारी मंडळाकडे). म्हणजे शाळा काढा म्हणायचं, पण पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला!

मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी तर तक्रारच केली होती की मी शेतीमंत्री आहे पण पाटबंधारे माझ्याकडे नाहीत, विकासमंत्री आहे पण जंगलं नाहीत.

मूळ शब्द डायार्की, ग्रीकमधला, डाय म्हणजे दोन आणि आर्की म्हणजे सत्ता. जर्मन इतिहासकार मॉमसेनने तो रोमचा सम्राट आणि सिनेट यांच्या वाटणीसाठी वापरला होता, भारताच्या संदर्भात तो ब्रिटिश लेखक लायोनेल कर्टिसमुळे रुळला. प्रांतांत हे १९३७ पर्यंत चाललं.

आजच्या युती-आघाडीशी मात्र गल्लत करू नका, तिथे दोन्हीकडचे निवडून आलेले असतात, इथे एक फाक थेट साहेबाची होती.