कॅम्पेन सेटिंग : मोहिमेचा मुलूख

प्रश्न असा आला आहे : ‘आमचा गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. नव्यानं येणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं काढतो आहोत. ‘कॅम्पेन सेटिंग’ला काय म्हणावं? एकजण ‘पार्श्वभूमी’वर अडून बसला आहे, दुसरा ‘काल्पनिक विश्व’ म्हणतो. शिवाय ‘ही सेटिंग अमुक प्रकारच्या खेळाला सपोर्ट करते’ हे मराठीत लिहिताना ‘पाठिंबा देते’ असं होतं आणि हसू येतं.’

हसू यायलाच हवं. पाठिंबा अपक्ष आमदार देतात, तोही बाहेरून. (हा खेळ न खेळलेल्यांसाठी एका ओळीत : प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतो, एकजण म्हणजे डन्जन मास्टर जग आणि प्रसंग सांगतो, यशापयश फासे ठरवतात. हे सगळं ज्या जगात घडतं ती कॅम्पेन सेटिंग.) क्रियापदाकडे नंतर येऊ, आधी नाम.

‘पार्श्वभूमी’ नको, आणि पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पात्र उभं करताना त्याची ‘बॅकग्राउंड’ निवडावी लागते : ते आधी शिपाई होतं, मंदिरात सेवेकरी होतं की चोऱ्यामाऱ्या करत होतं. त्याला मराठीत पार्श्वभूमीच म्हणणार ना? मग एकाच पानावर पात्राची पार्श्वभूमी आणि खेळाची पार्श्वभूमी असा घोळ होईल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पार्श्वभूमी नावाप्रमाणेच मागे असते. पडद्यावर रंगवलेला किल्ला नटाला चढता येत नाही आणि कोणी चढायला जातही नाही. इथे मात्र खेळणारा ‘मी त्या बुरुजावर चढतो’ म्हणाला, की सूत्रधाराला बुरुजाची उंची सांगावी लागते. (डन्जन मास्टरला ‘सूत्रधार’ म्हणावं असं मी गृहीत धरतो. नाटकानं इतका तयार शब्द दिला असताना ‘भुयारपती’ वगैरे कशाला?) ‘नेपथ्य’ याच कारणानं बाद. ‘काल्पनिक विश्व’ चूक नाही, पण ते कादंबरीलाही लागू पडतं. त्या विश्वात जाऊन करायचं काय, हे त्या शब्दात कुठेच नाही.

ते ‘कॅम्पेन’ या अर्ध्या भागात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या नावानं हा खेळ तीन पुस्तिकांत निघाला, तेव्हा त्याच्या लांबलचक उपशीर्षकात ‘वॉरगेम्स कॅम्पेन्स’ हे शब्द होते. पटावरच्या लुटुपुटीच्या लढायांत एका लढाईचा निकाल पुढच्या लढाईत धरायचा, अशा मालिकेला ते लोक कॅम्पेन म्हणत. शब्द थेट लष्करातून आलेला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं मैदान, उघडा प्रदेश आहे. युरोपात फौजा हिवाळा मुक्कामात काढत आणि हवा सुधारली की उघड्यावर पडत. तेवढ्या हंगामाची लढाई म्हणजे कॅम्पेन.

आता मराठीत पाहा. पावसाळा घरी काढायचा, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि मुलूखगिरीला निघायचं. तोच हंगाम, तोच उघडा प्रदेश, आणि शब्दातच मुलूख. काठेवाडात गायकवाडांच्या फौजा खंडणीसाठी मुलूखगिरीला जात. इंग्रजांच्या मध्यस्थीनं झालेल्या १८०७ च्या वॉकर कराराने खंडणीचे आकडे बांधून दिले, तेव्हा कुठे ती रीत आवरली. तेव्हा ‘कॅम्पेन’ला ‘मुलूखगिरी’ हा तंतोतंत प्रतिशब्द ठरला असता, पण आज तो ऐकला की लूट आणि खंडणीच आठवते. (गटातले काही खेळाडू म्हणतील, मग अडचण काय?) ‘मोहीम’ त्या मानानं सोज्वळ आहे. ट्रेकवाल्यांची गडमोहीम असते, लसीकरणाची मोहीम असते. दिवसेंदिवस चालणारं, ठरवून अंगावर घेतलेलं काम हा अर्थ त्यात शाबूत आहे. म्हणून कॅम्पेन म्हणजे मोहीम आणि कॅम्पेन सेटिंग म्हणजे मोहिमेचा मुलूख. बोलताना नुसतं मुलूख. ‘आम्ही एबेरॉनच्या मुलखात खेळतो’ (एबेरॉन हा असाच एक मुलूख, पुढे येईलच) हे वाक्य कानाला खटकत नाही. शिवाय ‘मुलखावेगळा’ आपल्याकडे आहेच, आणि या खेळात पदोपदी त्याची गरज पडते.

मुलूख म्हटलं की त्याला सीमा आली, वाटा आल्या, कोणाचा तरी अंमल आला. ‘वर्ल्ड ऑफ ग्रेहॉक’ हा गायगॅक्सचा मुलूख १९८० साली छापून आला, तो मुख्यतः डार्लीन या चित्रकर्तीनं काढलेला नकाशाच होता. सगळ्या नकाशावर षट्कोनी घरं, आणि एका घराची रुंदी तीस मैल. सोबतच्या पुस्तिकेत राज्याराज्यांची त्रोटक माहिती : राज्यकर्ता कोण, वस्ती किती, काय पिकतं किंवा निघतं. गोष्ट जवळपास नाहीच. घरं मोजायची, वाटेत किती दिवस जातील ते काढायचं आणि निघायचं. याला इंग्रजीत सॅण्डबॉक्स म्हणतात. तुम्ही ‘वाळूची पेटी’ लिहू नका. ‘मोकळं रान’ लिहा. त्यातली थोडी उनाडकीची छटाही या खेळाला शोभते.

याच्या अगदी उलट १९८४ पासून निघालेली ‘ड्रॅगनलान्स’ मालिका. ट्रेसी हिकमन आणि मार्गारेट वाइस यांच्या कादंबऱ्या आणि खेळाच्या पुस्तिका हातात हात घालून चालल्या. पात्रं तयार, युद्ध ठरलेलं, कुठल्या टप्प्यावर कोण भेटणार तेही ठरलेलं. त्यातला एक नियम मला फार बोलका वाटतो. कथेला पुढे लागणारं एखादं पात्र मेलं, तर त्याचा मृत्यू शक्यतो ‘अस्पष्ट’ ठेवावा, प्रेत सापडू नये, म्हणजे पुढच्या पुस्तिकेत ते कसं वाचलं हे सांगायला सूत्रधाराला जागा राहील. फाशांनी मारलेला माणूस कथा परत आणते! इंग्रजीत याला रेलरोड म्हणून नाक मुरडतात. ‘रुळावरचा खेळ’ हा शब्द मराठीत सहज बसतो, आणि त्याला हिणकस मानायचं कारण नाही. महायुद्धाची भव्य गोष्ट आपण स्वतः जगतो आहोत, ही मजा मोकळ्या रानात सहसा मिळत नाही.

आता तुमचं क्रियापद. ‘सपोर्ट’ला एकच मराठी शब्द शोधाल तर फसाल, कारण मुलूख तीन वेगळ्या गोष्टी करतो आणि इंग्रजी त्या तिन्हींना सपोर्टच म्हणतं.

पहिली म्हणजे वाव देणं. ग्रेहॉक भटकंतीला वाव देतो, सक्ती करत नाही. कोणाला एकाच शहराच्या गल्लीबोळांत चोऱ्या करत वर्ष काढायचं असेल तर तेही चालतं.

दुसरी, भाग पाडणं. १९९१ चा ‘डार्क सन’ हा उजाड मुलूख घ्या. अथास नावाच्या या जगात जादूगारांनी झाडाझुडपांतला जीव शोषून मंत्र चालवले आणि जमीन राख झाली. धातू इतका दुर्मीळ की शस्त्रं हाडाची, दगडाची, लाकडाची. नाणी भाजलेल्या मातीची, आणि सुटे हवे असतील तर नाणं फोडून त्याचे दहा तुकडे करायचे. इथे ‘आम्ही पाण्याचा हिशेब ठेवणार नाही’ असं म्हणून भागत नाही. पात्रं पहिल्या नव्हे, तिसऱ्या पातळीपासून (पातळी म्हणजे अनुभवानं वाढत जाणारी पात्राची ताकद) सुरू होतात, आणि प्रत्येक खेळाडूनं एकाच वेळी चार पात्रं तयार ठेवायची : एक मैदानात, तीन राखीव. हा नियम वाचला की मुलूख कसा आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. जगून राहण्याचा खेळ तिथे ऐच्छिक नसतो, तो खेळावाच लागतो.

तशीच सक्ती १९९५ च्या ‘बर्थराइट’मध्ये, पण राज्यकारभाराची. खेळाडू स्वतःच राजे, महंत किंवा व्यापारी संघांचे धनी. नेहमीच्या साहसांबरोबर कारभाराची एक खेळी असते, ती तीन महिन्यांची. त्यात प्रांतावरचा अंमल, देवस्थानं, व्यापार आणि जादूचे झरे कोणाच्या ताब्यात आहेत ते मोजायचं. वतनं आणि चौथाईच्या भांडणांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा मुलूख पटकन कळावा. तो इतरांइतका गाजला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक : जागा सोडणं. २००२ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं नव्या मुलखासाठी प्रस्ताव मागवले. सुमारे ११ हजार आले, आणि कीथ बेकर यांचा ‘एबेरॉन’ निवडला जाऊन २००४ साली छापला गेला. जादूवर पळणारी आगगाडी, जादूची मक्तेदारी असलेली व्यापारी घराणी, आणि शंभर वर्षांचं युद्ध नुकतंच संपलेलं. त्या युद्धात सायर नावाचं एक अख्खं राज्य एका दिवसात बेचिराख झालं. कशानं झालं? अधिकृत उत्तर नाही, आणि ते मुद्दाम दिलेलं नाही. ते प्रत्येक सूत्रधारानं आपल्या मोहिमेपुरतं ठरवायचं. त्यामुळे हेरगिरी आणि शोधाशोधीचा खेळ तिथे आपोआप रंगतो : प्रत्येक राज्य दुसऱ्याकडे संशयानं बघतंय आणि खरं कोणालाच माहीत नाही. सज्जन आणि महाबलाढ्य अशी माणसंही त्या मुलखात मोजकीच ठेवली आहेत, म्हणजे संकट आलं की खेळाडूंनाच धावावं लागतं. एड ग्रीनवुड यांच्या, १९८७ साली छापून आलेल्या ‘फॉरगॉटन रेल्म्स’वर नेमका उलटा आक्षेप घेतात. तिथे एल्मिन्स्टरसारखे थोर जादूगार इतके, की आपण कशाला कष्ट घ्या असं पात्रांना वाटावं. आक्षेप थोडा अन्यायाचा आहे, पण निराधार नाही.

तर ‘वाव देतो’, ‘भाग पाडतो’, ‘जागा सोडतो’ यांतलं योग्य ते निवडा. हे तिन्ही एकत्र म्हणायचं असेल, म्हणजे ‘कोणत्या मुलखात कुठला खेळ जमतो’ असा ढोबळ अर्थ हवा असेल, तर मराठीत एक झकास क्रियापद आहे : मानवणं. एखाद्याला कोकणची हवा मानवते, एखाद्याला मानवत नाही. ‘दरबारी कारस्थानांचा खेळ डार्क सनला कमी मानवतो, पण अगदीच वर्ज्य नाही’ असं लिहिता येतं. त्या मुलखातही नगरराज्यांचे जादूगार-राजे आहेतच.

‘प्ले स्टाइल’साठी ‘शैली’ मी राखून ठेवीन ती माणसाकरता : अमक्या सूत्रधाराची शैली, तमक्या खेळाडूची शैली. खेळाचा प्रकार सांगायचा तिथे ‘तऱ्हा’ म्हणा. भटकंतीची तऱ्हा, कारस्थानाची तऱ्हा, जगून राहण्याची तऱ्हा. हा फरक केलात की ‘आमच्या सूत्रधाराची शैली गप्पांची आहे, पण त्यानं निवडलेला मुलूख भुयारांच्या तऱ्हेला मानवणारा आहे’ ही बऱ्याच गटांची तक्रार एका वाक्यात मांडता येते.

आणि हो, वर ‘भुयार’ लिहिलं ते डन्जनसाठी. कोशात ‘अंधारकोठडी’ सापडेल, पण कोठडीत माणसाला कोंडतात. इथे लोक मशाल घेऊन आपल्या पायांनी आत जातात आणि नशीब असेल तर सोनं घेऊन बाहेर येतात. विशेषनामं मात्र जशीच्या तशी ठेवा. ग्रेहॉकचं ‘करडा ससाणा’ करायच्या मोहात पडू नका.