25 वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घ्यावी, की जवळपासच एकेक रात्र जाऊन यावं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मेंबरशिपचे आकडे डोक्यात राहिले आणि दुसऱ्यांदा ते वाक्य, की "सासूबाईंनी 68 वर्षांत समुद्र एकदाच पाहिलाय आणि मुलं मोठी होत चाललीत". त्यामुळे फिरायचं की नाही हा प्रश्नच नाहीये, फिरायचंच, फक्त ते कुठल्या पैशाने एवढंच बघू.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई चिंचवडला राहतात, मिस्टर कंपनीत, ताईंचं घरून शिवणकाम, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 6, आणि सासूबाई. दोघांचे मिळून हातात 92,000 येतात. घराचा हप्ता 31,500, बाकी घरखर्च 43,000, एसआयपी 8,000. इमर्जन्सीसाठी बाजूला 1,10,000. मॉलमध्ये एका कूपनच्या निमित्ताने त्यांना हॉलिडे क्लबच्या प्रेझेंटेशनला बसवलं, आणि ऑफर अशी की 3,60,000 ची मेंबरशिप, 25 वर्षं, दरवर्षी 7 रात्री, आत्ता 40,000 भरायचे आणि बाकीचे 48 हप्त्यांत, हप्ता 8,744. शिवाय वर्षाला मेंटेनन्स 16,000 अधिक जीएसटी. रविवारपर्यंत हो म्हटलं तर हा रेट. ताईंचं म्हणणं, असं काहीतरी गळ्यात पडल्याशिवाय आमच्या घरातून कुणी बाहेर पडत नाही, गेल्या वर्षी ठरवलेल्या दोन ट्रिपा रद्द झाल्या.

हा शेवटचा मुद्दा मला अगदी पटतो, त्यावर नंतर येतो. आधी महिन्याचा हिशोब. 92,000 मधून हप्ता, घरखर्च, एसआयपी गेले की उरतात 9,500. त्यातून 8,744 गेले की हातात 756 रुपये. मेंटेनन्स जीएसटी धरून 18,880 होतो, म्हणजे महिन्याला 1,573. तो कुठून देणार? म्हणजे अजून गाडी घराबाहेर काढली नाही, मुलांना एक आइस्क्रीम घेतलं नाही, तरी दर महिन्याला 817 रुपये कमी पडतात, आणि क्लबच्या रिसॉर्टपर्यंत जायचं भाडं, तिथलं जेवण हे सगळं वेगळंच. वर ते सुरुवातीचे 40,000 तुम्ही इमर्जन्सीच्या पैशातून द्यायचं म्हणताय. ते करूच नका. तुमचा महिन्याचा खर्च हप्ता धरून 74,500 आहे म्हणजे ते 1,10,000 जेमतेम दीड महिना पुरतात, घरात 68 वर्षांचं माणूस आहे आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये सासूबाईंचं नाव नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग त्या पैशाला हात लावायचं कारण दवाखाना किंवा नोकरी एवढंच असू शकतं.

आता एका रात्रीचा भाव काढू, कारण प्रेझेंटेशनमध्ये तो कुणी काढून दाखवत नाही. 40,000 आणि 48 हप्ते मिळून 4,59,712 होतात, म्हणजे 3,60,000 च्या वस्तूवर जवळपास एक लाख व्याज. 25 वर्षांत रात्री 175. मेंटेनन्स एक रुपयाही वाढला नाही असं धरलं तरी रात्रीला 5,324 रुपये पडतात. पण मेंटेनन्स वाढतोच, तो वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला तर 25 वर्षांचा नुसता मेंटेनन्स 10 लाख 36 हजारांच्या आसपास जातो आणि रात्र पडते साधारण साडेआठ हजारांना, तेही एकही रात्र वाया न घालवता. आणि हे घर नाही, जमीन नाही, वापरायचा हक्क आहे फक्त, पुढे विकायला गेलात तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

मेंबरशिप कुणासाठीच चांगली नसते असं मी म्हणत नाही. ज्यांना सलग आठवडाभर सुट्टी मिळते, जे चार-सहा महिने आधी बुकिंग करतात आणि ज्यांच्याकडे रोख पैसे पडून आहेत त्यांना परवडू शकते. तुमच्या घरात मिस्टरांना वर्षाला 7 सीएल (किरकोळ रजा), त्यांची सुट्टी गुरुवारी, मुलांची शनिवार-रविवार, आणि तुम्हाला दिलेला प्लॅन ऑफ सीझनचा आहे, म्हणजे शाळेच्या सुट्टीतल्या रात्री "उपलब्धतेनुसार". मुलं शाळेत असताना सात रात्री कधी जाणार? माझं उत्तर नाही असंच आहे, रविवारी त्यांचा फोन आला की तेवढंच सांगायचं, कारणं देत बसू नका.

गुरुवारची सुट्टी तुम्ही अडचण म्हणून लिहिलीये. मला तर पैशाच्या बाजूने ती तुमच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. जवळच्या ट्रिपचा खर्च किलोमीटरवर फारसा ठरत नाही, तुम्ही कुठल्या रात्री मुक्काम करता त्यावर ठरतो. तुमचा दिवेआगरचा हिशोबच बघा ना, शनिवारी गेलात तेव्हा दोन रूमचे 5,600, जेवण 3,300, पेट्रोल 2,100, किरकोळ 400, एकूण 11,400. त्याच घरमालकांनी बुधवारचा रेट रूमला 1,800 सांगितला होता, म्हणजे तोच समुद्र, तीच घरगुती सोलकढी आणि खर्च 9,400. वर ताम्हिणीत गाड्यांची रांग नाही. मग शाळेला सुट्टी असते तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचा दुसरा आठवडा (भाऊबीजेपर्यंत कोकणाकडे फिरकू नका), नाताळच्या आधीचे दिवस, एप्रिल-मे, अशा वेळी मिस्टरांनी बुधवारची एक सीएल टाकायची, सकाळी निघायचं आणि गुरुवारी संध्याकाळी घरी. एका रजेत एक मुक्काम. महाबळेश्वरला तुमचे नाताळच्या आठवड्यात 19,700 गेले, त्या पैशात अशा दोन ट्रिपा होतात आणि वर नऊशे उरतात.

मी वर्षाला तीन मुक्काम आणि चार एका दिवसाच्या ट्रिपा धरल्यात. मुक्कामाचे 9,400 प्रमाणे 28,200. दिवेआगर किंवा हरिहरेश्वर एक, वाई एक, तिसरं मुलांना ठरवू दे. वाई मी मुद्दाम सांगतोय कारण सासूबाईंचे गुडघे. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि ती वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा, सगळं सावकाश बघता येतं. एमटीडीसीच्या रिसॉर्टचे रेटही आधी बघून ठेवा, कार्ल्याला आहे, हरिहरेश्वरला आहे. आणि बिल नीट वाचा, 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, कुणी जुन्या सवयीने 12 लावला तर विचारा.

एका दिवसाच्या ट्रिपेला तर मी गाडी काढूच नका म्हणेन. चिंचवडहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, माणशी दहा-पंधरा रुपयांत काम होतं, भाज्याच्या लेण्यांना मोठ्यांना 25 रुपये आणि 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. सासूबाईंना पायऱ्या नको असतील तर त्या दिवशी त्यांना घरी विश्रांती, आग्रह करू नका. वल्लभनगरहून एसटीने कुठे जायचं असेल तर महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, मुलांचं अर्धं, म्हणजे तुम्ही पाच जण मिळून तीन फुल तिकिटांत जाता, पूर्ण तिकीट एकट्या मिस्टरांचं. दिवसाच्या ट्रिपेला 1,500 धरा, चारचे 6,000. दोन शाळेच्या सुट्टीतल्या गुरुवारी, दोन रविवारी. रजा एकूण 5 लागतात (मुक्कामाचे तीन बुधवार, दोन रविवार) आणि दोन सीएल आजारपणाला शिल्लक राहतात, ते फार गरजेचं आहे.

तुम्ही फास्टॅगच्या वार्षिक पासचं विचारलंय. तुमच्यासाठी नको. तो 200 फेऱ्यांचा आहे, तुम्ही सातारा रोडने वर्षातून एक-दोनदा जाणार, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तो चालत नाही.

एकूण झाले 34,200. मी महिन्याला 4,000 बाजूला काढा म्हणतो, म्हणजे वर्षाचे 48,000, वरचे 13,800 भाववाढीला, नाहीतर एखाद्या वर्षी जरा लांब जायला. आरडी करू नका, पैसे वर्षभर थोडे थोडे लागणार आहेत आणि एवढ्या रकमेवर व्याजाने काही फरक पडत नाही. झिरो बॅलन्सचं वेगळं सेव्हिंग खातं उघडा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी ऑटो ट्रान्सफर लावा आणि ते खातं यूपीआयला जोडूच नका, नाहीतर भाजीच्या पैशात ट्रिप जाते. 9,500 मधले उरलेले 5,500 इमर्जन्सीत. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे 2,23,500, दिवाळीचा 25,000 बोनस त्यात टाकलात तर साधारण 16 महिन्यांत तिथे पोचाल. त्याच्या आत सासूबाईंच्या मेडिक्लेमची चौकशी करून ठेवा, वय वाढेल तसा प्रीमियम वाढतो.

आता गळ्यात पडल्याशिवाय जात नाही, ते. बरोबर आहे, पण त्यासाठी साडेचार लाख कशाला? हजार रुपये अ‍ॅडव्हान्स पुरतो. शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक हातात आलं की त्याच संध्याकाळी तिन्ही बुधवार ठरवा, मिस्टरांना तीन रजांचे अर्ज तेव्हाच द्यायला सांगा आणि घरमालकांना रूमचा अ‍ॅडव्हान्स पाठवून टाका. तारीख मुलीला कॅलेंडरवर लिहू दे आणि सासूबाईंना लगेच सांगा, एकदा त्यांनी शेजारी सांगितलं की घरातलं कुणी ट्रिप रद्द करायला धजावणार नाही. पहिला बुधवार दिवेआगरचा ठेवा. घरमालकांना फोन करताना खालची रूम मागा, कमोड आहे का ते विचारा, आणि किनाऱ्यापर्यंत सासूबाईंना किती चालावं लागेल तेही.