विमान नाही चुकत, पोतं चुकते

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५९. मुलगी-जावई टोकियोत असतात. मुलीला बाळंतपणाची मार्चअखेरची तारीख दिली आहे, म्हणून पहिल्या आठवड्यातच निघते आहे, जवळजवळ तीन महिन्यांसाठी. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ते इथे मुलाकडे राहतील. म्हणजे मी एकटीच. आजवर दोनदाच विमानात बसले, तेव्हा तिकीट, ओळखपत्र सगळं यांच्या खिशात होतं. आधी नागपूर-दिल्ली, मग दिल्ली-टोकियो. सात-आठ तास आकाशात एकटीनं कसं निभावायचं, या विचारानं झोप उडाली आहे. बीपी आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. घरचे म्हणतात, व्हीलचेअर सांगून दे, ते लोक थेट नेऊन सोडतात. मला तर धड चालता येतं, लाज वाटते. काय करू?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आकाशातल्या तासांची काळजी सोडा. तिथे तुम्हाला करायचंच काय असतं? बसायचं, खायचं, झोपायचं. घोळ होतात ते जमिनीवर.

माझे बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा तिचं केंद्र आपलं नागपूर होतं. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्लीची विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर उतरायची, आपसात टपालाची पोती बदलायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. १९७३ पर्यंत हे चाललं. थंडीत बाबा कानटोपी घालून ड्युटीवर जायचे, सकाळी आले की अंगाला तागाचा वास. कोणाचं पत्र उशिरा पोचल्याची तक्रार आली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं : "विमान नाही चुकत बाई, पोतं चुकते."

मी ६१ व्या वर्षी एकटी टोकियोला मुलाकडे निघाले तेव्हा हे वाक्य मला आठवायला हवं होतं. ते आठवलं दिल्लीत. ज्यानं तिकीट काढून दिलं त्यानं दोन वेगळी तिकिटं काढली होती, आणि हे मला सांगितलं नव्हतं. मी आपली पाट्या वाचत आंतरराष्ट्रीय काउंटरपर्यंत ऐटीत पोचले. तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, बॅग?" बॅग खाली पट्ट्यावर. मरून रंगाची, मुठीला लाल नाडा बांधलेली, एकटीच गोल गोल फिरून राहिली होती. मध्ये चार तास होते म्हणून वाचले, दीड तासाची गाठ असती तर विमान गेलंच होतं.

तेव्हा आज संध्याकाळीच मुलाला बसवून तिकीट बघा. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर साधारणपणे बॅग नागपूरहून थेट टोकियोला जाते आणि दोन्ही बोर्डिंग पास इथेच मिळतात. नसतील तर दिल्लीला बॅग उतरवून घ्यायची, पुन्हा द्यायची. काहीही असो, सोनेगावला बॅग काट्यावर चढली की तिला लावलेली कागदी पट्टी हातात धरून वाचा. शेवटच्या मुक्कामाची तीन इंग्रजी अक्षरं एच-एन-डी असतील तर बॅग हानेदाला, एन-आर-टी असतील तर नारिताला. दोन्ही टोकियोचेच विमानतळ, पण एकमेकांपासून लांब, त्यामुळे जावई कुठे येणार हेही तेव्हाच नक्की होतं. त्या जागी डी-ई-एल दिसलं तर बॅग दिल्लीतच उतरणार. मागे रांग असली तरी वाचा. मागच्यांना घाई असतेच, ती आपली नसते.

व्हीलचेअरचं म्हणाल तर माझं मत कडक आहे. गुडघे धड असतील तर मागू नका. दिल्ली-मुंबईला खुर्च्यांची रांग लागते, त्यातल्या निम्म्या बायका विमानातून उतरल्यावर तुरुतुरु चालताना दिसतात आणि खरोखर गरज असलेले आजोबा ताटकळतात. वाट चुकायचीच भीती असेल तर विमान कंपनीला आधी फोन करून विचारा, एकट्या ज्येष्ठ प्रवाशाला सोबत करणारा माणूस देतात का. बऱ्याच कंपन्या देतात, काही त्याचे पैसे घेतात.

आता गोळ्या. याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण खरी गोम इथेच आहे. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःसाठी एक महिन्यापुरतीच सहज नेता येतात. तुम्ही चालल्या तीन महिन्यांना. त्याहून जास्त न्यायची तर जपानच्या आरोग्य खात्याचं आधी मिळवलेलं प्रमाणपत्र लागतं, त्याला ते 'युन्यू काकुनिन-शो' म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो, मुलगी मदत करेल. पण निघायच्या दोन दिवस आधी नको, दोन-तीन आठवडे आधी करून टाका. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव आणि रोजचं प्रमाण डॉक्टरांकडून इंग्रजीत नीट लिहून घ्या. गोळ्या त्यांच्या पाकिटातच असू द्या आणि हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. आणखी एक, सर्दीच्या गोळ्या सहज म्हणून टाकू नका. स्यूडोएफेड्रिन जास्त असलेली औषधं तिथे बंदच आहेत, चिठ्ठी असली तरी चालत नाहीत.

जेवणाचं आधी सांगावं लागतं, निदान २४ तास. तिकीट काढणाऱ्यानं माझ्यासाठी मोठ्या आपुलकीनं 'हिंदू मील' लिहिलं होतं. झाकण उघडलं तर आत चिकन. विमानाच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस नसलेलं जेवण, शाकाहारी नव्हे! आपल्याला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन', त्याची खूण ए-व्ही-एम-एल. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर जैन. ट्रेमध्ये सोबत निरागस दिसणारं मिसो सूप आलं तर बाजूला ठेवा, त्याचं पाणी बहुधा माशाच्या अर्काचं असतं. मी त्या रात्री पाव, फळं आणि पर्समधल्या चिवड्यावर काढली. शेजारच्या जपानी बाईला मूठभर दिला तर तिनं एक एक शेंगदाणा वेचून खाल्ला.

शेजारणीवरून आठवलं. खिडकी घेऊ नका, वाटेकडची जागा घ्या. मी हौसेनं खिडकी घेतली. शेजारीण झोपली आणि तिला उठवायचं कसं या संकोचात मी सहा तास पाय आखडून बसले. उतरताना चपलेत पाय जाईना. विमानातली हवा आपल्या मे महिन्यातल्या दुपारसारखी कोरडी असते, फक्त तापत नाही म्हणून कळत नाही. तहान नसली तरी पाणी मागत राहा. दीड-दोन तासांनी उठून मागच्या पडद्यापर्यंत एक चक्कर मारून या. बसल्या जागी घोटे फिरवा. पायांत गुठळीचा त्रास पूर्वी कधी झाला असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्या. विमान चढता-उतरताना तोंडात लवंग किंवा बडीशेप ठेवा, कान धरत नाहीत.

तरी खरं सांगू? मी पुन्हा गेले तेव्हाही खिडकीच घेतली. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. दिल्लीहून रात्री आठला निघालं की माझ्या मनगटावर अडीच वाजलेले असतात आणि बाहेर उजाडायला लागतं. सगळे झोपलेले, खाली ढगांची गादी, तिच्या कडेला आधी जांभळी रेघ, मग केशरी. बाबांची रात्रपाळी त्या वेळेला भरात असायची. तुम्ही वाटेकडची घ्या, पण अडीचला उठून मागच्या दाराजवळच्या छोट्या खिडकीतून बघून या.

परतीला दीड-दोन तास जास्त लागतील, विमान बिघडलं म्हणून घाबरू नका. तिकडे वर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचा जबरदस्त पट्टा वाहतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. गंमत म्हणजे हा पट्टा टोकियोजवळच्या एका वेधशाळेत फुगे सोडून मोजला होता ओइशी वासाबुरो नावाच्या हवामानतज्ज्ञानं. १९२६ मध्ये त्यानं ते सगळं छापलं, तेही एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगभर वाचलं जावं म्हणून. कोणी फारसं वाचलंच नाही. आमच्या सोनेगावच्या हवामान कार्यालयाचे पांढरे फुगे वर जाताना बघितले की मला तो बिचारा आठवतो.

उतरल्यावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, जवळजवळ सगळ्याच परदेशी पाहुण्यांचे, दचकू नका. 'व्हिजिट जपान वेब'वर माहिती आधीच भरून क्यूआर कोड मुलीकडून तयार करून घ्या. आणि एका जाड कागदावर तिचा पत्ता आणि फोन जपानी लिपीत मागवून घ्या. तो कागद फोनमध्ये नको, ब्लाउजमधल्या बटव्यात. माझा फोन उतरता उतरता बंद पडला होता. मी तो कागद एका गणवेशातल्या मुलापुढे धरला, तर तो माझ्यासोबत बसच्या थांब्यापर्यंत चालत आला आणि बस हलेपर्यंत तिथेच उभा राहिला.

बाळंतविड्यात डिंक, आळीव, सगळं मोठ्या बॅगेत टाकाल, पण मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नका टाकू. तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्यावर बंदी आहे, सोनेगावलाच काढून ठेवतील. तिखट आणि लोणचंही हातातल्या पिशवीत चालत नाही. आळीव म्हणजे बियाच, म्हणून नेण्याआधी जपानच्या वनस्पती तपासणीचा नियम मुलीला बघायला सांगा.

प्रश्न : मी २६ वर्षांची, नोकरी करते, दहा दिवस एकटी जपान फिरायला चालले आहे. ई-व्हिसा आला. प्रिंट काढून ठेवली की झालं ना? आणि पॉवर बँक नेऊ का? आई म्हणते दोन ने.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : नाही झालं. जपानचा ई-व्हिसा विमानतळावर फोनमध्ये इंटरनेट चालू करून त्यांच्या संकेतस्थळावरच उघडून दाखवावा लागतो. प्रिंट, पीडीएफ, स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे चार्ज असलेला फोन आणि डेटा, दोन्ही हवं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-अवरच्या आतली घे, २० हजार एमएएचची साधारण ७४ भरते, एक पुरे. जुलै २०२५ पासून जपानी विमानांत ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवू देत नाहीत, डोळ्यांसमोर ठेवायची. आईला सांग, दुसरीऐवजी घडीची छत्री देते आहे.

प्रश्न : ताई, आमची संत्र्याची बाग आहे. मुलगा टोकियोत नोकरीला. मृग बहार उतरून राहिला. पुढच्या महिन्यात मी एकटाच जातो आहे. पेटीभर नाही, डझनभर तरी संत्री नेऊ का? पोरगा पाच वर्षांत बागेतलं फळ खाल्ला नाही.
— एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, एकसुद्धा नाही. आपल्याकडची फळमाशी तिकडे जाऊ नये म्हणून भारतातलं ताजं लिंबूवर्गीय फळ जपानमध्ये नेता येत नाही. लपवून नेणं हा तिथे शिक्षेचा गुन्हा आहे. ताजा कढीपत्ताही सोबत घेऊ नका, आणि मांसाचे पदार्थ तर मुळीच नेऊ नका.

लपवता येईल असं मनात असेल तर ऐका. माझ्या दुसऱ्या खेपेला हानेदाच्या पट्ट्याजवळ एक बीगल कुत्रं, अंगावर हिरवं जाकीट, माझ्या पिशवीपाशी आलं आणि शांतपणे बसलं. भुंकलं नाही, काही नाही, नुसतं बसलं आणि मालकाकडे बघत राहिलं. मी शपथेवर सांगत होते की काही नाही. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून एक संत्रं निघालं. निघताना शेजारच्या काकूंनी "वाटेत खाशील" म्हणून कोंबलेलं! त्या अधिकारी बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, माझ्यापुढे वाकल्या आणि एका डब्यात टाकलं. कुत्र्याला मात्र खिशातून खाऊ मिळाला.