वाचक विचारतात : माणसं बसण्याआधी लाँच कोस्टर

प्रश्न : खोपोलीच्या इमॅजिकात ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची गाडी साखळीनं वर ओढतात आणि मग सोडतात. परदेशातल्या लाँच कोस्टरमध्ये ती सपाटीवरूनच सुसाट सुटते. चाचणीच्या दृष्टीनं दोन्हींत काय फरक पडतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोठा फरक पडतो. साखळीच्या कोस्टरला वेग मिळतो तो उंचीतून. गाडी रिकामी असो की भरलेली, सुटण्याची उंची तीच, त्यामुळे खाली येतानाचा वेगही जवळपास तोच. लाँच कोस्टरला मात्र दर फेरीला ताकद नव्यानं द्यावी लागते. गाडी जड असेल तर जास्त, हलकी असेल तर कमी. ही ताकद जुळवण्यातच चाचणीचा बराच वेळ जातो.

उदाहरण घ्या. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानात २००३ साली ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ हा लाँच कोस्टर सुरू झाला. वेग ताशी १९३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५३.६ मीटर. घर्षण शून्य धरलं तर एवढ्या वेगानं गाडी १४७ मीटर चढेल. गाडीला ओलांडायचा मनोरा १२८ मीटरचा. म्हणजे हाताशी राहिले १९ मीटर, आणि वारा न् चाकं जे काही खातात ते त्यातूनच. आता वेग फक्त ५ टक्क्यांनी कमी करून पाहा. चढ वेगाच्या वर्गावर ठरतो, म्हणून आकडा थेट १३२-१३३ वर येतो. घर्षण वजा केलं की गाडी माथा ओलांडेल याची खात्री उरत नाही.

प्रश्न : मग ती मागे घरंगळली तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घरंगळू द्यायची. याला रोलबॅक म्हणतात आणि अशा मनोऱ्यांच्या आराखड्यात तो धरलेलाच असतो. लाँचच्या रुळांमध्ये धातूच्या उभ्या पट्ट्यांची रांग असते. गाडी सुटण्यापूर्वी त्या खाली जातात, आणि गाडी पुढे सरकली की तिच्या मागोमाग एकेक करून वर येतात. परत येणाऱ्या गाडीखालचे कायमचे चुंबक या पट्ट्यांवरून गेले की धातूत विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात आणि वेग गळतो. वीज गेली तरी हे काम चालतं. एक मर्यादा मात्र आहे : वेग उतरला की रोधही उतरतो. निव्वळ चुंबकानं गाडी पुरती थांबत नाही, शेवटच्या टप्प्याला दुसरी सोय लागतेच.

चाचणीत हे मुद्दाम बिघडवून पाहतात. एखाद्या पट्टीचा सेन्सर काढून ठेवायचा : लाँच अडलं पाहिजे. पुढच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकच गाडी असावी अशा मार्गाच्या तुकड्यात, गाडी आहे असं नियंत्रकाला भासवायचं : मागची गाडी सुटता कामा नये. आणीबाणीचं बटण प्रत्येक पॅनलवरून वेगवेगळं दाबायचं. कंटाळवाणं काम, पण आमच्या मते पूर्ण वेगाच्या फेरीपेक्षा या कामाला जास्त किंमत आहे.

प्रश्न : पहिल्याच दिवशी पूर्ण वेग देतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. आधी गाडीवर एक चौकट बसवतात. हात-पाय ताणून माणूस जिथवर पोचेल तेवढा तिचा घेर असतो. ही गाडी दोरानं सावकाश सगळ्या मार्गावरून ओढायची. चौकट कुठल्या खांबाला, कठड्याला किंवा फांदीला लागली, तर तिथे दुरुस्ती.

मग मोटारी. हल्ली बहुतेक नव्या लाँचमध्ये रुळालगत विद्युतचुंबकांचे स्टेटर (मोटारीचे जागचे न हलणारे भाग) असतात आणि गाडीखालच्या चुंबकांची पट्टी त्यांच्या फटीतून धावते. दोन्हींतलं अंतर काही मिलिमीटरच. प्रत्येक स्टेटर योग्य दिशेला ढकलतो का, हे हळू वेगात तपासतात. एखाद्याची जोडणी उलटी झाली असेल तर गाडी तिथे हिसका देते. प्रत्येक फेरीनंतर टॉर्च घेऊन फट पाहायची. स्टेटरच्या आवरणावर बारीक चकचकीत ओरखडा दिसला, की पट्टी घासतेय.

वेग टप्प्याटप्प्यानं वाढवतात खरं, पण सरसकट नाही. पुढे टेकड्या असतील तर अर्धवट वेग सगळ्यात वाईट. पहिला माथा गाडी कशीबशी ओलांडते आणि पुढच्या दोन चढांमधल्या खोलगट जागी झुलत झुलत थांबते. मग क्रेन किंवा विंच. म्हणून वेग एक तर गाडी नक्की परत येईल इतका कमी ठेवतात, नाही तर नक्की पार होईल इतका जास्त.

प्रश्न : चाचणीत माणसांऐवजी बसवलेल्या बाहुल्यांमध्ये पाणीच का भरतात? (एक वाचक, पणजी)

उत्तर : रिकाम्या आणता येतात आणि फलाटावरच नळीनं भरता येतात म्हणून. एकीचं वजन साधारण ७५ ते ८० किलो. १८ आसनांच्या गाडीत सगळ्या मिळून सुमारे १,४०० किलो झाले. त्या गळ्यापर्यंत भरायच्या. अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळतं आणि मोजमाप बिघडतं. बूच सैल राहिलं तर आसन ओलं दिसतं, म्हणजे बाहुलीचं वजन घटलंय. काही फेऱ्या फक्त पुढचे डबे भरून, काही फक्त मागचे भरून करतात.

शरीराला बसणारे झटके बाहुलीला कळत नाहीत. त्यासाठी आसनावर त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारं उपकरण) लावतात. मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेच्या एफ-२१३७ या पद्धतीत नोंदीतली ५ हर्ट्झच्या (सेकंदाला पाच वेळा) वरची थरथर गाळून टाकतात. उरलेला जोर किती आहे आणि किती वेळ टिकतो, हे त्याच संस्थेच्या एफ-२२९१ मधल्या मर्यादांशी ताडून पाहतात.

प्रश्न : एवढं करूनही नवे कोस्टर बंद का पडतात? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : न्यू जर्सीचा १३९ मीटर उंच ‘किंगडा का’ मे २००५ मध्ये सुरू झाला आणि ८ जूनला त्याच्या लाँच केबलच्या (गाडीला वेग देणाऱ्या दोराच्या) पन्हळीतला एक बोल्ट तुटला. आतलं अस्तर सुटलं, केबल घासली आणि गाडीला पुरेसा वेग मिळाला नाही. दुरुस्ती होऊन तो ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाला. ड्रॅगस्टरचाच नवा अवतार ‘टॉप थ्रिल २’ मे २०२४ मध्ये उघडला, पण आठवडाभरातच बंद पडला. डब्यांत बदल करून तो २०२५ मध्ये परत आला. चाचणीच्या शेकडो फेऱ्या झाल्या तरी गर्दीच्या हंगामात रोज पडणारा ताण त्यांत पुरता येत नाही.

प्रश्न : उद्घाटनानंतरही सकाळी रिकामी गाडी का फिरवतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रात्रभर चाकांवरचं पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) आणि बेअरिंगमधलं ग्रीस थंड पडलेलं असतं. पहिल्या फेऱ्या त्यामुळे मंद होतात. लाँचच्या शेवटी आणि माथ्यावर नोंदलेला वेग नेहमीच्या पातळीला आला, की मगच फाटक उघडतात.