मोठं होण्यावरच्या कवितेत यमक, वृत्त, पुनरुक्ती ओळखता येतात, पण त्यांचं विश्लेषण कसं लिहायचं?

या तिन्ही गोष्टी कुठे सुटतात किंवा बदलतात ते आधी शोधा. लिहिण्यासारखं बहुतेक तिथेच असतं. समजावण्यापुरत्या रचलेल्या या ओळी घ्या:

दार उघडले, निघून गेलो
मीच घराचा कर्ता झालो
मीच दिव्यांशी जागत असतो
मीच अजूनी

सुरुवात मात्रांपासून करा: लघू (ऱ्हस्व) अक्षराची 1, गुरू (दीर्घ) अक्षराची 2. घोटाळा होतो तो जोडाक्षरापाशी. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर येत असेल तरच ते अक्षर गुरू धरायचं. म्हणून 'कर्ता'तला 'क' गुरू, पण 'दिव्यांशी'तला 'दि' लघूच. ओळ मोठ्याने म्हणत मोजली की ही चूक टळते.

पहिल्या तीन ओळी 16 मात्रांच्या, 8 वर यती (म्हणताना घ्यायचा थांबा), म्हणजे पादाकुलक या मात्रावृत्ताची चाल. आतली विभागणीही तिन्हींत सारखी, 3+5 आणि 4+4. चौथी ओळ मात्र 8 मात्रांवर, नेमकी यतीच्या जागी थांबते. कानाला पुढच्या 8 मात्रा हव्याच असतात. तिथे 'वाट पाहतो' घालून म्हणून बघा. मात्रा बरोबर भरतात, पण तोंडातच राहिलेली कबुली सरळ विधान होऊन जाते. या प्रयोगातून जाणवलेला फरक उत्तरात जरूर लिहा; माझ्या मते त्याहून पक्का पुरावा नाही.

'गेलो–झालो' हे यमक 'लो'पुरतंच आहे, आधीचे स्वर वेगळे. मराठीत क्रियापदांचे प्रत्यय असे आपोआप जुळतात, त्यामुळे त्याला फार वजन देऊ नका. 'गेलो–मेलो' असतं तर पकड घट्ट म्हणता आली असती. पुढे 'असतो'त फक्त 'ओ' उरतो, 'अजूनी'त तोही नाही. वृत्त तुटतं तिथेच यमकही संपतं, हे एकत्र मांडा.

पुनरुक्तीत नुसती संख्या सांगून भागत नाही. पहिल्या ओळीत 'मी' उच्चारलेलाच नाही, तो 'गेलो'त दडलेला आहे. 'मीच' येतो तो जबाबदारी आल्यावर: आधी अभिमानाने, मग एकटेपणाने, शेवटी क्रियापदाच्या आधाराशिवाय.

कविता मुक्तछंदात असेल तर मात्रांचा हट्ट सोडा. ओळ कुठे तोडली आहे आणि कोणती वाक्यरचना पुन्हा येते, एवढं बारकाईने बघा.