‘अब्राहामाला इसहाक झाला’: ‘झाला’ का, ‘जन्म दिला’ का नाही?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे, तिच्याबद्दल एकाने विचारले आहे: “‘अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला’ हे मराठी फार मोघम वाटते. सरळ ‘जन्म दिला’ का म्हटले नाही? आणि शब्द ‘वंशावळ’ की ‘वंशावळी’?”

दुसरे आधी उरकतो. दोन्ही बरोबर. वंश अधिक आवलि, म्हणजे ओळ. दीपावलीची दिवाळी झाली, त्यातली आवली हीच. मराठी बायबलने ‘वंशावळी’ धरून ठेवला, बोलण्यात ‘वंशावळ’ रुळला. हल्ली तो कानावर पडतो तो बहुधा जात पडताळणीच्या कागदपत्रांमुळे. बायबललाही हा वापर परका नाही बरे का. बाबेलहून परतलेल्या काही याजकांना वंशावळीत आपली नावे सापडेनात, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवले, असे एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

आता ‘झाला’. मूळ ग्रीक क्रियापद ‘एगेन्नेसेन’ सकर्मक आहे: बाप कर्ता, मुलगा कर्म. मराठीत त्याला जोड नाही. ‘जन्म देणे’ हे आपल्याकडे आईचे काम. ‘अब्राहामाने इसहाकाला जन्म दिला’ म्हटले की ऐकणारा विचारणारच, मग त्याची बायको सारा कुठे होती? काही सोप्या मराठीतल्या आवृत्त्या ‘अब्राहाम इसहाकाचा पिता होता’ अशा वळणाने जातात. अर्थ पोचतो, पण वाक्य दाखल्यावरच्या नोंदीसारखे होते.

‘झाला’ मात्र बोलीतले आहे. तिला मुलगी झाली, मला आनंद झाला, आजोबांना उशीर झाला. या वाक्यांतला माणूस काही करत नाही. गोष्ट त्याच्या वाट्याला येते. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या जन्माच्या वेळी अब्राहामाचे वय १०० सांगितले आहे. त्या म्हाताऱ्याला मुलगा ‘झाला’, याहून नेमके काय म्हणणार? ग्रीकमध्ये ही छटा नाही. मराठी चतुर्थीने ती आपसूक दिली, आणि माझ्या मते अनुवादाला तो फायदाच झाला.

पण खरी गंमत ‘-पासून’मध्ये आहे. बहुतेक ओळी नुसत्या बापलेकांच्या. मधेच ‘यहूदाला तामारेपासून’ असे येते. पुढे राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’. तिचे तर नावही नाही. तामार यहूदाची सून, राहाब यरीहोची वेश्या, रूथ मवाबी म्हणजे परकी, आणि चौथी दावीद राजाने दुसऱ्याच्या घरातून आणलेली. सारा, रिबका, राहेल या मानाच्या आज्यांना ‘-पासून’ मिळालेले नाही. आपल्याकडे कुळाची कागदपत्रे लिहिणारा अशी नावे हलकेच गाळतो. मत्तयाने नेमकी तीच घातली. आणि हा माणूस गाळत नाही असेही नाही! योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे त्याने वगळलेत. म्हणजे या चौघी नजरचुकीने राहिलेल्या नव्हेत. विश्वासाची ओळ रक्ताच्या शुद्धतेवर चालत नाही, हे त्याने प्रवचन न देता एका शब्दयोगी अव्ययावर सांगितले आहे.

सोळाव्या वचनात तेच अव्यय पुन्हा येते: मरीयेपासून. ‘याकोबाला योसेफ झाला’ इथवर ताल तोच असतो, आणि आता ‘योसेफाला येशू झाला’ येणार म्हणून कान तयार असतो. ते येत नाही. योसेफ नुसता मरीयेचा पती म्हणून उभा राहतो, चतुर्थी गळते, आणि येशू मरीयेपासून ‘जन्मला’. ग्रीकमध्ये हा धक्का जास्त जोरात बसतो. तिथे ३९ वेळा कर्तरी आलेले क्रियापद चाळिसाव्या वेळी कर्मणी होते. आपले ‘झाला’ मुळातच मवाळ असल्याने ‘झाला’ आणि ‘जन्मला’ यांतले अंतर पटकन जाणवत नाही. वर ज्याला फायदा म्हटले, त्याची किंमत इथे मोजावी लागते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातही येशूची वंशावळ आहे, पण तिथे हा पेचच नाही. तिथे क्रियापदाऐवजी नुसती षष्ठी आहे. येशूपासून मागे मागे जात, अमक्याचा तमका करत, यादी ‘आदामाचा’पाशी पोचते आणि तिथेही न थांबता शेवटी ‘देवाचा’ म्हणते.

तेव्हा प्रार्थनेत हा उतारा वाचायची पाळी आली, तर नावांच्या घाईत सोळावे वचन पळवू नका. ‘मरीयेपासून’च्या आधी एक श्वास घ्या.