जे फॉरेस्टर यांच्या सिस्टिम डायनॅमिक्सचा गावातल्या दुकानदाराला काही उपयोग आहे का?

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा माणूस मॅनेजमेंटमध्ये शिरून धंदेवाल्यांना काय शिकवणार, आणि शिकवलंच तर ते खेड्यातल्या दुकानदाराच्या कामाचं आहे का. मी यवतमाळ जिल्ह्यात कृषी केंद्र चालवतो. सिस्टिम डायनॅमिक्स म्हणजे साठा, ऑर्डरी आणि त्यांच्यामधला उशीर यांचा हिशोब मांडून चढउतार कुठून येतात ते शोधायची पद्धत. त्यामुळे दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: कामाचं आहे, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तर फारच.

आता माणसाबद्दल. जे फॉरेस्टर यांचा जन्म 1918 चा, अमेरिकेतल्या नेब्रास्काचा. घरी गुरांचा मोठा कारभार, पण वीज नाही. शाळेत असतानाच त्यांनी जुन्या मोटारींचे भाग जमवून पवनचक्की केली आणि घरात 12 व्होल्टची वीज आणली. कृषी महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही मिळाली होती, ती ऐन वेळी सोडून ते इंजिनिअरिंगला गेले. (आमच्याकडेही कास्तकाराची पोरं हेच करतात, फरक एवढाच, की मी परत आलो.) पुढे एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठात युद्धकाळात रडार आणि तोफांच्या नियंत्रण यंत्रणांवर काम केलं, मग व्हर्लविंड हा संगणक आणि त्यात माहिती साठवणारी चुंबकीय कोअर मेमरी. 1956 मध्ये ते एमआयटीच्याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये गेले. संगणकातलं पायाभरणीचं काम आता झालं, असं त्यांचं मत होतं.

तिथे त्यांच्याकडे जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्याची अडचण आली. घरगुती उपकरणं बनवणारा कारखाना. कधी तीन-चार पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांत निम्मे कामगार घरी बसायचे. साहेब लोक म्हणत, बाजारच तसा आहे. फॉरेस्टर यांनी विचारलं की माल किती शिल्लक राहिला की तुम्ही किती माणसं घेता, किती काढता. मग वहीच्या पानावर रकाने आखले: साठा, कामगार, आलेल्या ऑर्डरी. आठवड्यामागून आठवडा हातानेच हिशोब पुढे नेला. बाहेरून येणारी मागणी एकसारखी धरली, तरी कामगारभरतीचा झोका काही थांबेना. चढउतार त्यांच्या स्वतःच्याच निर्णयांतून येत होता. यातूनच 1961 चं ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हे पुस्तक निघालं.

नियंत्रण यंत्रणा बनवणाऱ्याला हे दिसणं साहजिक होतं. तोफ वळवायचा हुकूम आणि तोफ वळणं यात वेळ गेला, आणि तेवढ्यात तुम्ही आणखी जोर लावला, तर तोफ लक्ष्याच्या पुढे जाते, मग मागे, मग परत पुढे. धंद्यातली ऑर्डर आणि माल यांच्यातही असाच वेळ जातो.

आता माझ्या काउंटरवर या. मृग लागतो, आभाळ भरून येतं, आणि कापसाच्या एखाद्या वाणाचं नाव पारावर फिरायला लागतं. माल कमी येणार अशी हूल उठते. मग एक भाऊ येतो, “दहा पाकिटं ठेवजा माह्यासाठी.” त्याचं वावर पाच एकर, एकरी दोन पाकिटं, म्हणजे हिशोब बरोबर. पण तो हेच शेजारच्या दुकानात, तालुक्याला आणि आठवडी बाजाराच्या गावातही सांगून आलेला असतो. गरज दहाची, चार वह्यांत मिळून नोंद चाळीसची. आम्ही चौघे दुकानदार मागणी वाढली म्हणून वितरकाला फोन करतो, आणि मागितलं तेवढं तो देणार नाही हे ठाऊक असल्याने वर थोडं वाढवूनच सांगतो. वितरक त्यावर आपली भर घालून कंपनीला कळवतो. कंपनीला तर आता काहीच करता येत नाही, कारण संकरित बियाणं आदल्या हंगामातच तयार झालेलं असतं. ती हा आकडा धरून पुढच्या वर्षीचा बीजोत्पादनाचा कार्यक्रम वाढवते, आणि पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्याच वाणाच्या मागे असतात. परतीचा माल बांधताना मग जो तो दुसऱ्याला शिव्या देतो.

एमआयटीतला ‘बिअर गेम’ म्हणजे हेच. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चार जण बसतात, आणि बोलायला मनाई. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 पेट्या असते, ती एकदाच 8 होते आणि तिथेच राहते. एवढ्याने कारखान्यापर्यंत जाताजाता ऑर्डरी कित्येक पटींनी फुगतात, मग एकदम शून्यावर येतात. शेवटी खेळाडूंना गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला, तर बहुतेक जण डोंगर-दऱ्या काढतात.

माझ्या वहीत या सगळ्यातून एक रकाना वाढला. साठा आणि विक्री सगळेच लिहितात. मी ‘सांगितलेला पण न आलेला माल’ वेगळा लिहितो आणि नवी ऑर्डर देण्याआधी तो साठ्यात धरतो. बियाणं मागणाऱ्याला एकर विचारतो आणि आणखी कुठे सांगून ठेवलंय तेही विचारतो. लोक खरं सांगतात, फक्त कुणी विचारत नाही. युरियाला मात्र हे लागू करायचा प्रयत्न सोडून द्या. तिथे खताची मालगाडी (रेक) कधी लागेल आणि 45 किलोच्या गोणीसोबत कोणतं नको असलेलं औषध माथी मारलं जाईल, हे माझ्या वहीबाहेरचं आहे.

दुकानापेक्षा मोठं उदाहरण तुरीचं. 2015 मध्ये तूरडाळ किरकोळीत किलोला 200 रुपयांच्या आसपास गेली. पुढच्या खरिपात ज्याने त्याने तूर वाढवली, पाऊसही बरा झाला. सरकारनेही 2016 मध्ये मोझांबिकशी डाळीच्या आयातीचा करार केला. 2017 च्या सुरुवातीला माल आला तेव्हा तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून गाड्या दिवस दिवस उभ्या. भाव आज दिसतो आणि पीक सहा-सात महिन्यांनी हाती येतं, एवढ्या अंतराने सगळ्यांना एकदमच फसवलं. फॉरेस्टर यांच्या गटातल्या डेनिस मेडोज यांनी डुकरं, गुरं आणि कोंबड्यांच्या उत्पादनातलं असंच चक्र मांडून दाखवलं होतं. आपल्याकडच्या तूर-कापूस-सोयाबीनवर कुणी तितक्या चिकाटीने बसायला हवं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांना प्रकल्पासाठी यापेक्षा चांगला विषय कोणता मिळेल?

सगळंच मान्य करू नका, हेही सांगतो. शहरांवरच्या 1969 च्या पुस्तकात फॉरेस्टर यांनी गरिबांसाठी घरं बांधण्याच्या योजना शहराची अवस्था उलट बिघडवतात असा निष्कर्ष काढला, तेव्हा बराच गदारोळ झाला, आणि माझ्या मते टीकाकारांचं चुकलं नव्हतं. मॉडेलच्या कडेबाहेर जे राहिलं, ते त्याच्या लेखी नसतंच. आमच्याकडे तर पावसाने पंधरा दिवस दडी मारली की दुबार पेरणी येते, आणि ती कुठल्याही ऑर्डरच्या नियमातून येत नाही.

वाचायचंच असेल तर मूळ पुस्तकापासून सुरुवात करू नका, समीकरणांनी डोकं जाईल. चार मित्र, एक वही आणि मूठभर सरकी घेऊन आधी तो बिअर गेम खेळा. संगणक लागत नाही. मात्र ऑर्डर दिल्यापासून माल हातात यायला लागणारे आठवडे वगळू नका, ते वगळले तर खेळात काही घडतच नाही. आणि कारखान्याच्या जागी गावातल्या सगळ्यात घाईच्या माणसाला बसवा.